श्रवण आणि टिपण

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला, इमारतींच्या दाटीतही अजून थोडी मोकळी राहिलेली जी टेकाडवजा जागा ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाते, तेथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून एक बौद्ध स्तूप उजेडात आणला. सोपाऱ्यातच त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला, आणि शूर्पारक या प्राचीन बंदराचे नाव इतिहासाच्या दप्तरात कायमचे रुजू झाले. या बंदराचे वैभव, तेथील व्यापार, तेथे लागणारी तारवे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शूर्पारकाच्या एका रहिवाशाची जी हकीकत पाली वाङ्मयातील ‘उदान’ या ग्रंथात आली आहे, ती वसई-विरारच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर सहसा पडत नाही, याचे मला वाईट वाटते. कारण ती हकीकत मुळात एका श्रोत्याची आहे.

त्याचे नाव बाहिय. शूर्पारकात त्याला मोठा मान होता, लोक त्याच्या पाया पडत होते, आणि आपल्याला सर्व काही उमगले आहे अशी त्याची समजूत झाली होती. ती समजूत खोटी आहे हे ध्यानात येताच तो सर्व मानमरातब टाकून थेट श्रावस्तीस निघाला. तेथे पोहोचला तेव्हा गौतम बुद्ध भिक्षेसाठी नगरात फिरत होते. बाहियाने भर रस्त्यात उपदेशाची याचना केली. ही वेळ नव्हे, असे उत्तर मिळाले. त्याने पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र बुद्धांनी त्याला अगदी मोजक्या शब्दांत सांगितले. त्या सांगण्याचा आशय असा की, जे डोळ्यांना दिसते आणि जे कानांवर पडते त्यात आपल्या पदरचे काही मिसळू नये. बाहियाला ते तत्काळ उमगले, आणि त्वरित आकलन करणाऱ्या शिष्यांत बौद्ध परंपरेने त्याला अग्रस्थान दिले.

त्या उपदेशाचा आध्यात्मिक अर्थ फार खोल आहे आणि महाविद्यालयाच्या एका तासापुरता तो आखूड करावा, असा माझा मुळीच हेतू नाही. पण व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोगी पडाव्यात अशा दोन बाबी त्या हकीकतीत स्पष्ट दिसतात. पहिली ही की, उत्तम श्रोता हा केवळ समोर येऊन बसणारा माणूस नसून विचारणारा माणूस असतो, आणि एकदा नकार मिळाला म्हणून त्याचे विचारणे थांबत नाही. दुसरी ही की, सांगणाऱ्याचे म्हणणे आधी जसेच्या तसे मनात उतरू द्यावे लागते; ‘हे तर मला ठाऊकच आहे’, ‘हे परीक्षेला येत नाही’, ‘या सरांचे नेहमी असेच’ अशा आपल्या शेऱ्यांची भर त्यात पहिल्याच क्षणी पडली, तर ऐकलेले आणि आपण घातलेले यांतला भेद पुढे करता येत नाही.

आजचा वसई-विरारचा विद्यार्थी कसा ऐकतो, हे पाहण्यासारखे आहे. वसई रोडचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय, वसईचे संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारचे विवा महाविद्यालय अशा संस्थांतून हजारो मुलेमुली शिकतात. त्याहून किती तरी अधिक मुलेमुली पहाटे उठून लोकलने अंधेरी, विलेपार्ले, चर्चगेट गाठतात. यांच्यापैकी बहुतेकांना शाळेच्या दहा वर्षांत लिहिण्याचे आणि वाचण्याचे शिक्षण मिळालेले असते. ऐकण्याचे शिक्षण कोणीही दिलेले नसते. कान उघडे असले की ऐकणे आपोआप घडते, अशी आपली एक सार्वत्रिक समजूत आहे, आणि त्या समजुतीपायी वर्गातील पाऊण तास हा पुष्कळांच्या बाबतीत निव्वळ हजेरीचा तास होऊन राहतो.

वस्तुतः श्रवणात एक नैसर्गिक अडचण आहे. मिनेसोटा विद्यापीठातील राल्फ निकोल्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यास या विषयाचा चिकाटीने अभ्यास केला आणि १९५७ साली लिओनार्ड स्टीव्हन्स यांच्या साह्याने त्यावर ग्रंथही लिहिला. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा असा की, माणूस बोलतो तो मिनिटाला सुमारे सव्वाशे शब्दांच्या गतीने, पण मनाच्या विचाराची गती त्याहून पुष्कळ अधिक असते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनापाशी सतत थोडा वेळ शिल्लक राहतो. या शिलकीचे काय करायचे, हाच श्रवणाचा खरा प्रश्न आहे. सामान्य विद्यार्थ्याचे मन त्या फटीतून निसटते, घरच्या काळजीकडे जाते, दुपारच्या गाडीकडे जाते, खिशातल्या फोनकडे जाते, आणि परत येते तोवर व्याख्यानाचा एखादा सांधा निखळलेला असतो. सावध विद्यार्थी तोच वेळ तीन कामांसाठी खर्च करतो: वक्ता आता कोठे चालला आहे याचा अंदाज बांधणे, आतापर्यंत जे झाले त्याचा मनात ताळेबंद मांडणे, आणि जे सांगितले त्याला पुरावा कोणता दिला हे तपासणे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. उलट चुकलेल्या अंदाजामुळेच खरे उत्तर ठसठशीतपणे लक्षात राहते.

आता लिहिण्याकडे वळू. बोलण्याची गती सव्वाशेची धरली, तर हाताने लिहिण्याची गती मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांच्या पलीकडे सहसा जात नाही. तेव्हा व्याख्यान शब्दशः उतरून घेण्याचा जो प्रयत्न करील त्याचा पराभव गणितानेच निश्चित केलेला आहे. असे असूनही आपल्या वर्गांतून शब्दशः लेखनाची एक विचित्र परंपरा टिकून आहे, कारण तिला सांभाळून घेण्यासाठी पुष्कळ ठिकाणी शिक्षकच आपली गती उतरवतात आणि ‘लिहा’ म्हणून मजकूर सांगू लागतात. विद्यार्थी मान खाली घालून लिहितो, पूर्णविराम कोठे द्यायचा तेही विचारून घेतो, आणि तास संपल्यावर त्याला विचारावे तर काय लिहिले ते सांगता येत नाही. ज्याने तेवढेही केलेले नसते तो स्टेशनाबाहेरच्या दुकानात जाऊन त्या वहीची झेरॉक्स काढतो. शब्द एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातात. मधल्या दोन्ही मनांना त्यांची झळ लागत नाही.

शब्दशः लेखन हीन आहे असे मात्र कोणी समजू नये. मराठी वाङ्मयाचे केवढे तरी ऋण या लेखनिकांवर आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांच्या मुखातून निघालेली ओवी सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली. रामदासांच्या दासबोधाचे लेखन कल्याणस्वामींनी केले, असे परंपरा सांगते. तेथे प्रत्येक अक्षर जतन करणे हेच कर्तव्य होते. पण विद्यार्थ्याचे काम लेखनिकाचे नाही. त्याच्या कामाला जवळचा दाखला आपल्याच वाङ्मयात दुसरा आहे, आणि तो महानुभाव पंथातला आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्रात एकत्र केले. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी भिन्न निघाल्या तर तो भेदही दडवला नाही. पुढे केशोबासांनी त्या विस्तृत चरित्रातील स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. प्रथम विश्वासाने गोळा करणे, मग पडताळणे, मग सार काढणे ही जी क्रमवारी या दोन ग्रंथकारांनी पाळली, तीच विद्यार्थ्याच्या वहीलाही लागू पडते, आणि ती सातशे वर्षांपूर्वी मराठीत पाळली गेली आहे, याचा अभिमान वाटावा.

पडताळण्याच्या बाबीवर मी मुद्दाम भर देतो, कारण तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जिनीव्हा येथील भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर १९१३ साली वारले तेव्हा त्यांच्या ज्या व्याख्यानांनी पुढे भाषाविचाराची दिशा बदलली, ती ग्रंथरूपात नव्हतीच. बाली आणि सेशए या दोघांनी विद्यार्थ्यांच्या वह्या मागवून, त्या एकमेकींशी ताडून १९१६ साली ग्रंथ तयार केला. एका विद्यार्थ्याने जे सोडले ते दुसऱ्याने धरले होते. आपल्याकडे दोन मित्र वह्या समोरासमोर ठेवून बसतात ते क्वचितच. एकाची वही दुसऱ्याकडे जाते ती नकलेसाठी. नकलेने अडचण भागते, पण ताडून पाहिल्याने दोघांनाही आपण कोठे ऐकायचे चुकलो ते कळते, आणि पुढच्या तासाला कान तेथे अधिक सावध होतो.

टिपण हे नशीबही पालटू शकते, याचे एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. मायकेल फॅरडे हा लंडनमधील एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा गरीब मुलगा. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकायला मिळाली. व्याख्यान चालू असताना तो मुख्य शब्द, प्रयोगाचे निष्कर्ष आणि उपकरणांच्या आकृत्या एवढेच झटपट टिपून घेई, आणि घरी गेल्यावर स्मरणाच्या आधारे सबंध व्याख्यान आपल्या भाषेत सविस्तर लिहून काढी. तीनशेहून अधिक पानांची ती वही त्याने स्वतः बांधली आणि वर्षाच्या अखेरीस डेव्हींकडे पाठवली. पुढील मार्च महिन्यात त्याला त्याच संस्थेत साहाय्यकाची जागा मिळाली. त्याची मूळ टिपणे त्रोटक होती आणि व्याख्यान त्याने पुन्हा उभे केले ते घरी, एकट्याने बसून, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्गात थोडे लिहिणे आणि घरी पुष्कळ आठवणे, या प्रमाणात त्याच्या यशाचा मोठा वाटा होता.

आता मी त्या प्रश्नाकडे येतो ज्याची चर्चा अभ्यासकौशल्याच्या पुस्तकांत होत नाही, कारण ती पुस्तके बहुधा एकभाषिक विद्यार्थ्यासाठी लिहिलेली असतात. वसई तालुक्यात पश्चिम पट्ट्यातील निर्मळ, वाघोली, नंदाखाल, भुईगाव या गावांतील कित्येक घरांत सामवेदी, म्हणजे कादोडी बोलतात. वाडवळांच्या घरी वाडवळी, अर्नाळा-पाचूबंदरच्या कोळीवाड्यांत कोळी बोली, आणि पारोळ-भाताण्याकडील पाड्यांवर वारली. ही मुले शाळेत प्रमाण मराठी शिकली. आणि अकरावीत शास्त्र वा वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच व्याख्यान इंग्रजीत सुरू झाले. म्हणजे कानावर एक भाषा, पुस्तकी विचाराची दुसरी, आणि मनातल्या खऱ्या समजुतीची तिसरी. अशा विद्यार्थ्याला ‘लक्ष देऊन ऐक’ एवढेच सांगणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. तो लक्ष देतच असतो. पण त्याचे सगळे लक्ष शब्द ओळखण्यात खर्च होते आणि अर्थापर्यंत पोहोचायला काही उरत नाही. मग तो एक सोपी पळवाट शोधतो: जे ऐकू येते ते इंग्रजीतच, न समजता, जमेल तसे लिहून ठेवतो. वर्षाअखेरीस वही भरलेली असते आणि ती त्याला स्वतःलाच वाचता येत नाही.

माझे ठाम मत असे आहे की, या विद्यार्थ्याने टिपण निःसंकोचपणे आपल्या भाषेत घ्यावे. पारिभाषिक शब्द इंग्रजीत राहू द्यावेत, कारण परीक्षेत आणि पुढील वाचनात तेच भेटणार आहेत. पण त्या शब्दांमधला संबंध, कारण, अपवाद, उदाहरण हे सर्व मराठीत, आणि घरची बोली अधिक जवळची असेल तर त्या बोलीत लिहावे. परकी भाषा ऐकून आपल्या भाषेत लिहिताना शब्दाला शब्द उतरवताच येत नाही. आधी अर्थ लागावा लागतो. एरवी अडचण म्हणून भासणारी ही दुभाषिक अवस्था अशा रीतीने विद्यार्थ्याला नकलेपासून आपोआप वाचवते. ज्या वाक्याचे मराठी करता येत नाही ते आपल्याला समजलेले नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळते, आणि तेथे समासात एक प्रश्नचिन्ह टाकून तो पुढे जाऊ शकतो.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. अर्थशास्त्राचा तास आहे, विषय ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’, म्हणजे मागणीची लवचीकता. प्राध्यापक इंग्रजीत सांगत आहेत की, काही वस्तूंची किंमत वाढली तरी लोक त्या जवळजवळ तितक्याच घेतात, काहींची मागणी मात्र किंमत वाढताच झपाट्याने उतरते. वस्तूला पर्याय आहे की नाही आणि घरखर्चात तिचा वाटा किती आहे, यांवर हे अवलंबून असते. एका मुलीच्या वहीत प्राध्यापकांचे पहिले दीड वाक्य इंग्रजीत आहे, पुढे तीन टिंबे आहेत, आणि नंतर एक व्याख्या, जी फळ्यावर होती म्हणून पूर्ण आहे. तिच्या शेजारणीच्या वहीत एवढाच मजकूर आहे: ‘इलॅस्टि. डि. – भाव वाढला तर मागणी किती हलते? मीठ: हलत नाही. मोगरा: फार हलते. का? १) मिठाला पर्याय नाही, गजऱ्याऐवजी काहीच न घेतले तरी चालते २) मिठाचा खर्च किरकोळ. पण दसऱ्याला गजरा महाग असूनही खपतो – मग? विचारणे.’ मीठ आणि मोगरा ही उदाहरणे प्राध्यापकांनी दिलेली नव्हती. नायगावकडची मिठागरे आणि पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जाणाऱ्या फुलांच्या करंड्या ती मुलगी लहानपणापासून पाहत आली आहे, आणि सिद्धांत कानावर पडताच तिच्या मनाने ती उदाहरणे पुढे केली. शेवटची शंका तर अधिक मोलाची आहे, कारण सणाच्या दिवशी मागणीच बदललेली असते आणि केवळ किमतीचा परिणाम वेगळा काढावा लागतो, या पुढच्या पायरीच्या उंबरठ्यावर ती स्वतःच्या बळाने येऊन उभी राहिली आहे. शब्द मोजले तर पहिल्या वहीत अधिक भरतील, पण अर्थशास्त्र दुसरीत आहे.

वहीच्या पानाची मांडणी कशी असावी, याविषयी थोडे सांगणे जरूर आहे. समर्थांनी दासबोधाच्या सातव्या दशकात श्रवणावर विवेचन केले आहे हे पुष्कळांना माहीत असते. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी त्यांनी लेखनक्रियेवर एक सबंध समास घातला आहे, तो मात्र कमी वाचला जातो. अक्षर वाटोळे, सुटे आणि सरळ ओळीत असावे असे सांगतानाच पानाच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतकी व्यवहारी सूचना त्यांनी केली आहे. आजच्या विद्यार्थ्याने कोरी जागा सोडायची ती निराळ्या कारणासाठी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनी जी पद्धत प्रचारात आणली आणि १९६२ साली आपल्या पुस्तकातून जगभर पोहोचवली, तिच्यात पानाच्या डावीकडे दोन-अडीच इंचांचा पट्टा आणि तळाशी चार बोटे जागा कोरी राखतात. उजवीकडच्या रुंद भागात वर्गातले टिपण येते. डावा पट्टा नंतर प्रश्नांनी भरायचा, म्हणजे समोरच्या मजकुराचे उत्तर ज्या प्रश्नाला मिळते तो प्रश्न तेथे लिहायचा. तळाशी सबंध पानाचे सार दोन-तीन वाक्यांत. परीक्षेपूर्वी उजवा भाग हाताने झाकून डाव्या प्रश्नांची उत्तरे स्वतःला द्यायची. यासाठी कोणतीही विशेष वही विकत घ्यावी लागत नाही; साध्या फुलस्केप वहीत पट्टीने एक रेघ ओढली की काम होते.

संक्षेपचिन्हांचा बाऊ करू नये. मु. पो., ता., जि., इ., उदा. अशा संक्षेपांची मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, आणि मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी तर हात न उचलता झरझर लिहिण्याची एक सबंध लिपीच चालवली. ज्या त्या विषयाला आठ-दहा चिन्हे ठरवून घ्यावीत आणि ती वहीच्या पहिल्या पानावर नोंदून ठेवावीत.

काय टिपायचे हे ओळखण्यासाठी वक्त्याच्या बोलण्यातील खुणा ओळखता आल्या पाहिजेत. ‘याची मुख्य कारणे तीन’ असे म्हटल्यावर वहीत तीन आकडे आधीच टाकून ठेवावेत. दुसरे कारण निसटले तर ती जागा रिकामी दिसेल आणि तास संपल्यावर विचारता येईल. ‘परंतु’, ‘उलटपक्षी’, ‘याला अपवाद असा’ या शब्दांपाशी कान टवकारावेत, कारण विषयाचे वळण तेथेच असते आणि कच्चा विद्यार्थी नेमका तेथेच घसरतो. वक्ता एखादी गोष्ट दोनदा सांगतो, फळ्यावर लिहितो, सांगण्याआधी क्षणभर थांबतो, हे सगळे इशारेच असतात. ज्यांनी कीर्तने ऐकली आहेत त्यांना हे निराळे शिकवावे लागत नाही. पूर्वरंगात कोणता सिद्धांत मांडला आणि उत्तररंगातील आख्यान कोणत्या ठिकाणी येऊन त्याला मिळाले, हे निरक्षर श्रोताही बिनचूक सांगत असे.

लॅपटॉप आणि फोन यांविषयी दोन शब्द. म्युलर आणि ओपेनहायमर या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, टंकलेखन करणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द अधिक प्रमाणात जसेच्या तसे उतरवतात, आणि संकल्पनेविषयीच्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा मागे पडतात. हे प्रयोग पुढे इतरांनी पुन्हा केले तेव्हा गुणांमधला हा फरक तितका स्पष्ट निघाला नाही. शब्दशः उतरवण्याची प्रवृत्ती मात्र दिसून आली. म्हणून दोष यंत्राचा नसून विचार न करता उतरवण्याच्या सोयीचा आहे, असे मी मानतो. फळ्याचा फोटो काढून ठेवणे ही तर त्याहून मोठी सोय, आणि ज्या विद्यार्थ्याने फोटो काढला त्याने तो पुन्हा उघडला असे फार थोड्या वेळा घडते. ज्याला दृष्टीची, श्रवणाची वा हाताची अडचण आहे त्याला ध्वनिमुद्रणाची आणि यंत्राची पूर्ण मुभा असली पाहिजे, हे सांगायला नकोच.

वर्गातले टिपण कितीही उत्तम असले तरी ते तसेच मिटून ठेवले तर त्याचा उपयोग फार थोडा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक विस्मरण झालेले दिसते आणि पुढे विस्मरणाचा वेग मंदावत जातो. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने पुसला जात नाही हे खरे. तरी पहिला दिवस सर्वांत धोक्याचा, ही गोष्ट तेथेही टिकते. विरार ते चर्चगेट हे सुमारे साठ किलोमीटरांचे अंतर रोज दोनदा कापणाऱ्या विद्यार्थ्याला गाडीत वही उघडायलाही जागा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण वही उघडायची गरजच नाही. परतीच्या प्रवासात, उभ्या उभ्या, आजच्या पहिल्या तासाला काय झाले ते मनातल्या मनात क्रमाने आठवावे. जेथे अडेल ती जागा लक्षात ठेवावी आणि घरी पोहोचल्यावर तेवढेच पान पाहावे. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली असे दाखवले की, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे राहिले, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. भाईंदरच्या खाडीपुलावर गाडी येते तोवर पहिला तास आठवून झाला आणि नायगाव-वसई ओलांडेपर्यंत दुसरा, एवढा नेम ज्याने लावून घेतला, त्याचा अभ्यास परीक्षेच्या महिन्यावर ढकलला जाणार नाही.

आतापर्यंत सगळा भार मी विद्यार्थ्यावर टाकला. शिक्षकाच्या वाट्याचेही काही सांगितले पाहिजे. मजकूर सांगून लिहवून घेण्याचा शिरस्ता मोडायचा तर तो शिक्षकालाच मोडावा लागेल, आणि त्यासाठी परवानगी, खर्च किंवा ठराव यांतले काहीही लागत नाही. तासाच्या आरंभी आजचे तीन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कशाच्या शोधात आहोत हे कळेल. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटे थांबावे आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांना वह्या ताडून पाहू द्याव्यात. आणि तास पाच मिनिटे आधी संपवून प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर, नाव न घालता, दोनच गोष्टी लिहून घ्याव्यात: आज कोणती गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, आणि कोणती कळली नाही; ज्याला इंग्रजी जमत नाही त्याने मराठीत लिहावे. परदेशी महाविद्यालयांत ही पद्धत ‘मिनिट पेपर’ या नावाने रूढ आहे. साठ-सत्तर चिठ्ठ्या वाचायला अर्धा तासही लागत नाही. जी शंका सर्वांत अधिक चिठ्ठ्यांत आली असेल तिच्यापासून दुसऱ्या दिवशीचा तास सुरू करावा. मागच्या बाकावरचा जो मुलगा हात वर करून कधीही विचारणार नव्हता, त्याची शंका त्या दिवशी सर्वांच्या आधी फळ्यावर येईल.